साडेएकोणतीस तासांचा करार : जपानमधील परदेशी इंग्रजी शिक्षकांचे वेतन आणि आरोग्यविमा (१९८० ते २०१६)

प्रास्ताविक

परदेशी जाऊन अध्यापन करणाऱ्या शिक्षकाविषयी सर्वसाधारण समज असा की, तो मायदेशातील आपल्या समव्यवसायी बांधवांपेक्षा अधिक वेतन मिळवितो आणि यजमान देशात त्यास विशेष मान असतो. जपानच्या इतिहासात ही समजूत एके काळी अक्षरशः खरी होती. मेइजी कालखंडात (१८६८–१९१२) जपानी शासनाने पाश्चात्त्य विद्या आत्मसात करण्यासाठी जे परदेशी तज्ज्ञ व अध्यापक पगारी नेमले, त्यांना जपानी भाषेत ‘ओयातोई गाइकोकुजिन’ म्हणत. त्यांच्या वेतनाचे आकडे आजही थक्क करणारे आहेत. ओसाका येथील टांकसाळीचा संचालक थॉमस किंडर याचे मासिक वेतन १,०४५ येन होते, तर त्याच वेळी जपानच्या शासनप्रमुखपदी असलेल्या सांजो सानेतोमी यांना ८०० येन मिळत. तोक्योतील शासकीय विद्यालयाचे प्रमुख गुइदो व्हर्बेक यांना ६०० येन दिले जात. लाफ्कादिओ हर्न हा लेखक १८९० मध्ये मात्सुए येथे इंग्रजीचा शिक्षक म्हणून रुजू झाला तो दरमहा १०० येनांवर. पुढे कुमामोतो येथे त्याचे वेतन दुप्पट झाले आणि १८९६ मध्ये तोक्यो विद्यापीठात ते ४०० येनांच्या घरात गेले.

त्याच वर्षी हर्नने जपानी नागरिकत्व घेऊन कोइझुमी याकुमो हे नाव धारण केले. नागरिकत्व घेतल्यास आपले वेतन जपानी प्राध्यापकाच्या पातळीवर आणले जाईल, ही धास्ती त्याला होती. १९०३ मध्ये त्यास विद्यापीठ सोडावे लागले व त्याच्या जागी इंग्लंडहून परतलेले नात्सुमे सोसेकी आले. परदेशी अध्यापक ही महाग पण तात्पुरती सोय असून देशी माणूस तयार होताच ती संपवावयाची, हे धोरण त्या प्रसंगात स्पष्ट दिसते.

यानंतर सुमारे शंभर वर्षांनी जपानमध्ये पुन्हा हजारोंच्या संख्येने परदेशी इंग्रजी शिक्षक आले. या वेळी मात्र चित्र उलटे झाले होते. सोय तात्पुरतीच राहिली, महाग मात्र राहिली नाही. या दुसऱ्या पिढीच्या शिक्षकांचे वेतन का गोठले व आरोग्यविम्यापासून ते कायद्याने हक्क असतानाही दूर कसे राहिले, याचा शोध प्रस्तुत लेखात घेतला आहे. वेतन आणि विमा हे दोन वेगळे प्रश्न नव्हेत, ते एकाच हिशेबाचे दोन भाग आहेत, असे या इतिहासावरून दिसते.

दोन विमे, दोन दारे

जपानमधील आरोग्यविम्याची रचना प्रथम ध्यानात घेतली पाहिजे. १९२२ साली संमत व १९२७ पासून पूर्णतः अंमलात आलेला आरोग्यविमा कायदा हा नोकरदारांसाठी होता. १९३८ मध्ये शेतकरी व इतरांसाठी राष्ट्रीय आरोग्यविमा कायदा झाला, १९५८ मध्ये तो नव्याने करण्यात आला आणि १९६१ मध्ये प्रत्येक रहिवासी कोणत्या ना कोणत्या विम्यात असलाच पाहिजे अशी सार्वत्रिक व्यवस्था पूर्ण झाली. तेव्हापासून देशात स्थूलमानाने दोन दारे आहेत. नोकरदाराने कामाच्या ठिकाणामार्फत नोकरदार विम्यात जावे. ज्यांना नोकरी नाही, ज्यांचा स्वतःचा धंदा आहे किंवा जे निवृत्त आहेत, त्यांनी नगरपालिकेच्या राष्ट्रीय विम्यात जावे. नोकरदार विम्याच्या जोडीला नोकरदारांचे निवृत्तिवेतनही येते. या जोडीला बोलीत ‘शाकाइ होकेन’, म्हणजे सामाजिक विमा, म्हणतात.

दोन्ही दारांतून आत गेलेला रुग्ण एकाच डॉक्टरपुढे बसतो, एकाच दरपत्रकाने त्याच्यावर उपचार होतात. असे असता कोणत्या दाराने आत गेला याने काय बिघडते, असा प्रश्न साहजिकच पडतो. फरक मोठा आहे. नोकरदार विम्याचे निम्मे अंशदान नियोक्ता भरतो, राष्ट्रीय विम्याचे सर्व अंशदान स्वतःला भरावे लागते. नोकरदार विम्यात पत्नी व मुले अधिक अंशदानाशिवाय समाविष्ट होतात, राष्ट्रीय विम्यात घरातील प्रत्येक व्यक्तीगणिक आकारणी वाढते. दीर्घ आजारात नोकरदार विमा वेतनाच्या सुमारे दोन-तृतीयांश रक्कम दीड वर्षापर्यंत देतो. राष्ट्रीय विम्यात असा भत्ता देणे नगरपालिकांवर बंधनकारक नाही. प्रसूतीच्या रजेतील भत्त्याचेही तसेच. शिवाय १९८४ ते १९९७ या काळात नोकरदाराला उपचारखर्चाचा केवळ दहावा भाग खिशातून द्यावा लागे, तर राष्ट्रीय विमाधारकास तीस टक्के. १९९७ मध्ये नोकरदाराचा वाटा वीस टक्के व २००३ मध्ये तीस टक्के झाला, तेव्हा कुठे हा भेद मिटला.

राष्ट्रीयत्वाचा प्रश्न या दोन कायद्यांत वेगवेगळ्या रीतीने आला. युद्धोत्तर काळात नोकरदार विम्यास राष्ट्रीयत्वाची अट नव्हती. कंपनीत काम करणारा परदेशी माणूस त्या कायद्यापुढे केवळ कामगार होता. राष्ट्रीय विम्याच्या बाबतीत मात्र परदेशी रहिवाशांना, विशेषतः पिढ्यान् पिढ्या तेथे राहिलेल्या कोरियन लोकांना, दीर्घकाळ झगडावे लागले. जपानने १९८१ मध्ये निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय करार स्वीकारला, त्यानंतर निवृत्तिवेतनाच्या कायद्यातील राष्ट्रीयत्वाची अट गेली, आणि १९८६ मध्ये राष्ट्रीय आरोग्यविम्यातीलही गेली. इंग्रजी शिक्षकांची लाट नेमकी याच सुमारास आली. दोन्ही दारे त्यांच्यासाठी कायद्याने उघडी होती. तरीही त्यांतील फार मोठा वर्ग नोकरदार विम्याच्या दाराबाहेर राहिला. त्याचे कारण राष्ट्रीयत्वात नव्हते. ते तासांच्या मोजणीत होते.

१९८०चे टिपण

६ जून १९८० रोजी आरोग्य व कल्याण मंत्रालयाच्या अधिकाऱ्यांनी प्रांतिक कार्यालयांना एक अंतर्गत टिपण पाठविले. तो कायदा नव्हता, शासन-निर्णय नव्हता आणि राजपत्रात छापला जाणारा नियमही नव्हता. अर्धवेळ काम करणाऱ्या व्यक्तीस नोकरदार विम्यात घ्यावयाचे की नाही, हे ठरविण्यासाठी त्यात एक मोजपट्टी दिली होती. आस्थापनेतील नियमित कर्मचाऱ्याच्या कामाच्या तासांच्या व दिवसांच्या तीन-चतुर्थांश किंवा अधिक काम असेल, तर तत्त्वतः त्या व्यक्तीस विमाधारक मानावे. त्याच टिपणात असेही म्हटले होते की, या मर्यादेत न बसणाऱ्या व्यक्तीबाबतही कामाचे स्वरूप पाहून प्रत्यक्ष प्रकरणागणिक निर्णय करावा.

टिपणाचा हेतू अर्धवेळ कामगारांना, ज्यांत बहुसंख्य विवाहित स्त्रिया होत्या, विम्यात घेण्यासाठी किमान एक ठाम रेषा आखून देण्याचा होता. व्यवहारात मात्र पहिले वाक्य लक्षात राहिले व दुसरे विसरले गेले. आठवड्याचे पूर्ण काम ४० तासांचे धरले, तर तीन-चतुर्थांश म्हणजे ३० तास. मग करारपत्रावर ३० तास न लिहिता साडेएकोणतीस लिहिले की झाले. पुढील काळात भाषाशाळांच्या व शाळांना शिक्षक पुरविणाऱ्या कंपन्यांच्या करारपत्रांत हा साडेएकोणतीसचा आकडा इतक्या वेळा आढळतो की, कामाच्या गरजेतून तो आला असेल असे मानणे कठीण आहे.

तासांच्या मोजणीचा खरा पेच अध्यापनाच्या स्वरूपात आहे. कारखान्यातील कामगाराचा तास म्हणजे घड्याळाचा तास. शिक्षकाच्या कामात मात्र वर्गातील तासिका, दोन तासिकांमधील वेळ, पूर्वतयारी, विद्यार्थ्यांच्या प्रगतीच्या नोंदी, असे अनेक थर असतात. नोव्हा या सर्वांत मोठ्या भाषाशाळेत तासिका ४० मिनिटांची असे व पूर्णवेळ शिक्षक आठवड्यास ४० तासिका घेई. केवळ तासिकांची बेरीज केल्यास ती २६ तास ४० मिनिटे भरते. म्हणजे आठवड्याचे पाच दिवस, दिवसाला आठ वर्ग घेऊनही कागदावर तो अर्धवेळच ठरू शकतो. मधला वेळ कामाचा की विश्रांतीचा, हा वाद शिक्षकसंघटना व मालक यांच्यात वर्षानुवर्षे चालला. आपल्याकडील घड्याळी तासिका तत्त्वावरील नेमणुका ज्यांनी जवळून पाहिल्या आहेत, त्यांना या वादाचे मर्म निराळे समजावून सांगण्याची गरज नाही.

अडीच लाख येन

१९८५च्या प्लाझा करारानंतर येन झपाट्याने वधारला. जपानी कंपन्या परदेशी पसरू लागल्या, प्रवास वाढला व इंग्रजी संभाषण शिकण्याची लाट उसळली. या वर्गांना ‘एइकाइवा’ म्हणतात. नोव्हाची स्थापना १९८१ मध्ये ओसाका येथे झाली होती आणि भरभराटीच्या काळात तिच्या नऊशेहून अधिक शाखा होत्या. ऑस्ट्रेलिया (१९८०), न्यूझीलंड (१९८५) व कॅनडा (१९८६) यांच्याशी झालेल्या करारांमुळे त्या देशांतील तरुणांना पर्यटनासोबत काम करण्याची मुभा मिळाली. १९८९ मध्ये दुरुस्त झालेल्या व जून १९९० पासून लागू झालेल्या स्थलांतर कायद्याने भाषाशिक्षकांसाठी व्हिसाचा स्वतंत्र वर्ग सुलभ झाला. त्यात जपानी कर्मचाऱ्याइतके किंवा अधिक वेतन मिळाले पाहिजे, अशी अट होती. व्यवहारात भाषाशाळांच्या जाहिरातींत मासिक अडीच लाख येन हा आकडा रूढ झाला.

हा आकडा १९९०च्या सुमारास वाईट नव्हता. १९९५ मध्ये डॉलर ८० येनांपर्यंत घसरला, तेव्हा अडीच लाख येन म्हणजे तीन हजारांहून अधिक डॉलर होत. अमेरिकेत शिक्षणकर्ज घेऊन आलेल्या पदवीधराला ते फेडण्यास तो पुरेसा होता. पण तो आकडा पुढे जवळजवळ हललाच नाही. किमान मर्यादा म्हणून आलेले वेतन हळूहळू कमाल मर्यादा बनले. जपानमधील एकूण भाववाढही त्या काळात नगण्य होती, हे मान्य केले पाहिजे. परंतु अनुभवाने वेतन वाढते हा शिक्षकी पेशाचा सामान्य नियम येथे लागू पडला नाही. दहा वर्षे शिकविलेला व काल विमानतळावर उतरलेला, हे दोघे जवळपास एकाच वेतनावर असत.

आता विम्याचा हिशेब मांडून पाहावा. २००७च्या प्रारंभी शासनसंचालित नोकरदार आरोग्यविम्याचा दर ८.२ टक्के व नोकरदार निवृत्तिवेतनाचा दर १४.६४२ टक्के होता. दोहोंचा निम्मा भार मालकावर, म्हणजे ११.४ टक्क्यांहून थोडा अधिक. मानक वेतनश्रेणीचा सूक्ष्म फरक सोडला, तर अडीच लाख येन वेतनावर मालकाचा वाटा दरमहा सुमारे साडेअठ्ठावीस हजार येन होतो. ४,००० शिक्षक नेमणाऱ्या संस्थेस हा भार वर्षाला सुमारे १३७ कोटी येन पडेल. करारपत्रावर तीस ऐवजी साडेएकोणतीस लिहिण्याचे मूल्य हे असे होते. शिक्षकाच्या वेतनाचा आकडा जाहिरातीत दिसतो, विम्याचा आकडा दिसत नाही. म्हणून स्पर्धेच्या काळात काटकसर प्रथम न दिसणाऱ्या आकड्यात झाली.

शिक्षकांची स्वतःची भूमिका

या ठिकाणी दोष सर्वस्वी मालकांच्या माथी मारणे इतिहासाला धरून होणार नाही. अनेक तरुण शिक्षकांना विमा नकोच होता. एक-दोन वर्षे राहून परत जाणाऱ्या तेविशीतल्या पदवीधराला आजाराची भीती नसते आणि निवृत्तिवेतन तर त्याच्या क्षितिजावरही नसते. त्याच्या दृष्टीने शाकाइ होकेन म्हणजे पगारातून जाणारे आणखी साडेअठ्ठावीस हजार येन, कारण दुसरा निम्मा वाटा त्याचाच. त्यातही २५ वर्षे अंशदान भरल्याखेरीज निवृत्तिवेतन मिळत नसे. देश सोडताना काही रक्कम एकत्र परत मिळण्याची तरतूद १९९५ पासून झाली, तीही तीन वर्षांच्या अंशदानाच्या मर्यादेपर्यंतच. ही मर्यादा पाच वर्षांची झाली ती २०२१ मध्ये. स्वस्त खासगी प्रवासविमा घेऊन दिवस काढणारे म्हणूनच पुष्कळ होते. असा विमा जपानी कायद्यात आरोग्यविमा म्हणून गणला जात नाही.

राष्ट्रीय विम्यात गेलेल्यांचा अनुभव आणखी निराळा होता. त्या विम्याची आकारणी मागील वर्षाच्या जपानमधील उत्पन्नावर होते. नव्याने आलेल्याचे मागील उत्पन्न शून्य, म्हणून पहिल्या वर्षी अंशदान अत्यल्प असते. दुसऱ्या वर्षी ते एकदम कित्येक पटींनी वाढते. ज्यांना हे ठाऊक नसे, ते दुसऱ्या वर्षाची नोटीस पाहून विमा सोडून देत. काही वर्षांनी आजारपण आले की पुन्हा नगरपालिकेच्या दाराशी जावे लागे, आणि तेव्हा मागील दोन ते तीन वर्षांची थकबाकी भरावी लागे. या मागील काळातील उपचारांचा खर्च मात्र सहसा परत मिळत नसे. परिणामी ज्याला विम्याची सर्वांत अधिक गरज, तोच विम्याकडे जाण्यास सर्वांत अधिक कचरत असे.

जो शिक्षक तेथेच रमला, ज्याने लग्न केले, ज्याला मुले झाली, त्याच्यासाठी मात्र हा प्रश्न निराळा झाला. पंचविशीत ज्या कराराने हातात अधिक पैसे पडले, त्याच कराराने चाळिशीत त्याला आजारपणाच्या भत्त्यापासून व कुटुंबाच्या विम्यापासून वंचित ठेवले. १९९१ मध्ये ओसाका येथे स्थापन झालेल्या जनरल युनियनने व तोक्योतील नाम्बू शाखेच्या कामगार संघटनेने विम्याचा प्रश्न चिकाटीने लावून धरला, त्यामागे प्रामुख्याने असे स्थिरावलेले शिक्षकच होते. कंपनी म्हणून नोंदलेल्या प्रत्येक आस्थापनेस, ती कितीही लहान असो, पात्र कर्मचाऱ्याचा विमा उतरविणे सक्तीचे आहे, हा त्यांचा मुद्दा कायद्याने निर्विवाद होता. वाद ‘पात्र’ या शब्दाचा होता.

शासकीय शाळांत

खासगी वर्गांच्या तुलनेत शासकीय शाळांतील स्थिती आरंभी पुष्कळच बरी होती. १९८७ मध्ये ‘जेट’ नावाने ओळखला जाणारा शासकीय विनिमय कार्यक्रम सुरू झाला. पहिल्या वर्षी चार देशांतून ८४८ तरुण आले, आणि २००२ मध्ये ही संख्या ६,२७३ पर्यंत गेली. त्यांना वर्षास करोत्तर सुमारे ३६ लाख येन मिळत आणि सामाजिक विम्याचे सर्व अंग लागू असे. त्यांच्या खर्चापोटी केंद्र शासन स्थानिक संस्थांना अनुदानात तरतूद करून देई.

पण एकविसाव्या शतकाच्या आरंभी स्थानिक संस्थांची आर्थिक ओढाताण वाढली. १९९९ मध्ये देशात ३,२३२ नगरे व गावे होती. एकत्रीकरणाच्या मोहिमेनंतर २०१० पर्यंत ती सुमारे १,७३० उरली. काटकसरीच्या या वातावरणात अनेक शिक्षणमंडळांनी शिक्षक थेट नेमण्याऐवजी खासगी कंपनीकडून पुरवठा घेण्यास सुरुवात केली. सर्वांत कमी दराची निविदा भरणाऱ्या कंपनीस काम मिळे. निविदेचा दर खाली येतो तेव्हा तो शिक्षकाच्या वेतनातून व विम्यातूनच खाली येतो, दुसरे काही कापण्यासारखे त्यात नसतेच. दोन-सव्वादोन लाख येनांचे वेतन, उन्हाळी सुट्टीच्या महिन्यात कपात, आणि पुन्हा तोच साडेएकोणतीस तासांचा करार, असे स्वरूप काही पुरवठादार कंपन्यांत रूढ झाले. जेटमधील सहभागी तरुणांची संख्या २०१० मध्ये साडेचार हजारांच्या खाली आली.

या व्यवस्थेतून एक विलक्षण कायदेशीर विसंगती निर्माण झाली. कामगार पुरवठ्याच्या कायद्यानुसार, कंत्राटदाराच्या माणसाला काम घेणाऱ्या संस्थेने थेट आज्ञा देता येत नाहीत. वर्गात मात्र जपानी शिक्षक व परदेशी सहायक शिक्षक यांनी मिळून शिकवावे, अशी पद्धत होती. म्हणजे एकाच फळ्यापुढे उभ्या असलेल्या जपानी शिक्षकाने आपल्या सहकाऱ्यास ‘हा उतारा पुन्हा वाचून दाखवा’ असे सांगितले, तरी तो नियमभंग ठरे. शिक्षण मंत्रालयाने २००९ मध्ये शिक्षणमंडळांना या बाबतीत सावध केले. २०१० मध्ये चिबा प्रांताच्या श्रमविभागाने काशिवा शहराच्या शिक्षणमंडळास अशा व्यवस्थेबद्दल दुरुस्तीचे निर्देश दिले, आणि तेथील शाळांत परदेशी शिक्षक पाठविणे काही काळ थांबले. शिक्षणाच्या दृष्टीने पाहता, सर्वांत हास्यास्पद आणि सर्वांत उद्वेगजनक असा हा प्रसंग आहे. दोन शिक्षकांनी एकमेकांशी बोलू नये, म्हणजे कंत्राट शुद्ध राहते.

नोव्हाचे पतन

२००७ हे वर्ष या इतिहासातील निर्णायक वर्ष होय. ३ एप्रिल २००७ रोजी जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने, मध्येच शिक्षण सोडणाऱ्या विद्यार्थ्यास रक्कम परत करण्याची नोव्हाची पद्धत अवैध ठरविली. जूनमध्ये अर्थ, व्यापार व उद्योग मंत्रालयाने एक वर्षाहून दीर्घ मुदतीचे नवे करार करण्यास सहा महिन्यांची बंदी घातली. आगाऊ शुल्कावर उभा असलेला व्यवसाय आगाऊ शुल्क थांबताच कोसळू लागला. सप्टेंबरपासून वेतन रखडले. २६ ऑक्टोबर रोजी संस्थेने न्यायालयाकडे संरक्षण मागितले, तेव्हा कर्जाचा बोजा सुमारे ४,४०० कोटी येन होता. सुमारे ४,००० परदेशी शिक्षक व सुमारे २,००० जपानी कर्मचारी बेकार झाले, आणि तीन लाखांहून अधिक विद्यार्थ्यांचे पैसे अडकले.

वेतन थांबल्यावर शिक्षकांच्या लक्षात आले की, त्यांचे घरही कंपनीच्या हातात आहे. अनेकांचे घरभाडे वेतनातून कापले जाई, पण घरमालकांपर्यंत ते पोहोचलेच नव्हते. काहींना घर सोडण्याच्या नोटिसा आल्या. संघटनेच्या पुढाकाराने काही शिक्षकांनी जेवणाच्या मोबदल्यात इंग्रजीचे धडे देणे सुरू केले. विमानकंपनी क्वांटासने ऑस्ट्रेलियन शिक्षकांना सवलतीच्या दरात परतीचे तिकीट देऊ केले. शंभर वर्षांपूर्वीच्या १,०४५ येनांच्या शेजारी हे चित्र ठेवून पाहावे.

या काळात सामाजिक विम्याच्या प्रत्येक अंगाची परीक्षा झाली. कामगार-कायद्याखालील तरतुदीनुसार शासनाने बुडालेल्या वेतनाच्या ऐंशी टक्के रक्कम आगाऊ दिली. तिशीच्या आतील व्यक्तीस त्याची कमाल मर्यादा ८ लाख ८० हजार येन होती. ही मदत राष्ट्रीयत्व न पाहता मिळाली. बेकारी विम्यासाठी शिक्षक रोजगार कार्यालयांपुढे रांगा लावून उभे राहिले. आरोग्यविम्याच्या बाबतीत मात्र जे राष्ट्रीय विम्यात होते, त्यांना उत्पन्न बंद असताना मागील वर्षीच्या उत्पन्नावरील अंशदान भरणे भाग होते. ज्यांनी केवळ खासगी विमा घेतला होता, त्यांची मुदत संपताच हाती काहीच उरले नाही. नोव्हाचे अध्यक्ष सारुहाशी नोझोमु यांच्यावर पुढे खटला झाला, तो कर्मचाऱ्यांनी आपसांत उभारलेल्या कल्याण निधीतील सुमारे ३२ कोटी येन विद्यार्थ्यांची देणी भागविण्याकडे वळविल्याबद्दल. २००९ मध्ये ओसाका जिल्हा न्यायालयाने त्यांना दोषी ठरविले व पुढे वरिष्ठ न्यायालयात शिक्षा कमी झाली. विमा न उतरविल्याचा प्रश्न त्या खटल्याचा विषयच नव्हता. एप्रिल २०१० मध्ये जिओस ही दुसरी मोठी भाषाशाळाही दिवाळखोरीत गेली.

टिपणाचा शेवट

शासनाने आता हालचाल सुरू केली, परंतु प्रथम ती मालकाच्या दिशेने नव्हे, शिक्षकाच्या दिशेने झाली. मार्च २००९ मध्ये व्हिसाच्या नूतनीकरणाविषयीच्या मार्गदर्शक सूचना बदलल्या आणि एप्रिल २०१० पासून नूतनीकरणाच्या वेळी आरोग्यविम्याचे कार्ड दाखवावे, असे सांगण्यात आले. परदेशी रहिवाशांत घबराट पसरली. ज्याला मालकाने विम्यात घेतले नाही, त्याचा व्हिसा मालकाच्या चुकीसाठी नाकारणार काय, असा प्रश्न विचारला गेला. कार्ड न दाखविणे हे व्हिसा नाकारण्याचे कारण होणार नाही, असा खुलासा अखेर शासनाला करावा लागला. जुलै २०१२ मध्ये परदेशी व्यक्तींची स्वतंत्र नोंदणी रद्द होऊन तीन महिन्यांहून अधिक राहणारे सर्व सामान्य रहिवासी नोंदवहीत आले. राष्ट्रीय विम्याची अटही एक वर्षाच्या वास्तव्यावरून तीन महिन्यांवर आली.

१९८०चे टिपण रद्द झाले ते १ ऑक्टोबर २०१६ रोजी. तीन-चतुर्थांशाचा निकष त्या दिवशी प्रथमच कायद्याच्या मजकुरात आला. ५०० हून अधिक विमाधारक कर्मचारी असलेल्या आस्थापनांत तर आठवड्यास २० तास व दरमहा ८८,००० येन वेतन एवढ्यावर विमा लागू झाला. ही मर्यादा २०२२ मध्ये १०० वर व २०२४ मध्ये ५० वर उतरली. जून २०२५ मध्ये संमत झालेल्या कायद्याने आस्थापनेच्या आकाराची अट २०३५ पर्यंत टप्प्याटप्प्याने काढण्याचे ठरविले आहे. मोठ्या पुरवठादार कंपन्यांपुरता साडेएकोणतीस या आकड्याचा अर्थ संपला. यामागे परदेशी शिक्षकांचा लढा किती आणि जपानमधील कोट्यवधी अर्धवेळ कामगारांचा प्रश्न किती, असे विचारल्यास दुसऱ्या कारणाचे वजन निःसंशय अधिक आहे.

वेतनाचा प्रश्न मात्र तेथेच राहिला. जेटचे वेतन पंचवीस वर्षे स्थिर राहून २०१२ मध्ये पहिल्या वर्षासाठी ३३ लाख ६० हजार येनांवर, तेही करपूर्व, उतरले. एप्रिल २०२५ पासून ते ४० लाख २० हजार करण्यात आले. दरम्यान २०२२ नंतर येन घसरून डॉलरला १५० येनांच्या पलीकडे गेला. १९९५ मध्ये तीन हजारांहून अधिक डॉलरांचे असलेले अडीच लाख येन आता सोळाशे-सतराशे डॉलरांचे झाले.

निवृत्तिवेतनाची किमान मुदत ऑगस्ट २०१७ मध्ये २५ वर्षांवरून १० वर्षांवर आली. त्याचा लाभ अनेक जुन्या शिक्षकांना झाला. भारत व जपान यांच्यातील सामाजिक सुरक्षा करारही २०१६ पासून लागू आहे, पण तो निवृत्तिवेतनापुरता असून आरोग्यविमा त्यात येत नाही. न भरलेल्या अंशदानाला मात्र दोन वर्षांची मुदत आहे, त्यामागचे कोणालाही भरता येत नाही. वेतनातून कापून घेतलेले पण मालकाने न भरलेले अंशदान मान्य करण्याचा विशेष कायदा २००७ मध्ये झाला. ज्यांच्या वेतनातून ते कधी कापलेच गेले नाही, त्यांना तो लागू पडत नाही. १९८७ मध्ये चोविसाव्या वर्षी जपानला आलेला शिक्षक २०२८ मध्ये पासष्ट वर्षांचा होईल. साडेएकोणतीस तासांच्या करारावर काढलेली वर्षे त्याच्या नोकरदार निवृत्तिवेतनाच्या नोंदीत कोरीच राहतील.